शपथेवर अकरा पानं

बॉथेल, १५ फेब्रुवारी २००४

चि. प्रतिमा,

काल फोनवर तू रडली नाहीस, म्हणून मला रात्रभर झोप नाही. लहानपणी पेन्सिलीचं टोक मोडलं तरी रडणारी तू, आणि काल बातम्या वाचल्यासारखी सांगत होतीस. फुकट वकील मिळेल म्हणून तू तिकडे कॅनडात, तुमच्या सरी गावातल्या त्या कचेरीत गेलीस. तिथल्या बाईने विचारलं, नवरा मारतो का? नाही. मारायची धमकी देतो का? नाही. मग तिने सॉरी म्हणून तुझ्या हातात एक पुस्तिका ठेवली: स्वतःची केस स्वतः कशी चालवावी. म्हणजे अनुप हात न उचलणारा निघाला, ही तुझीच चूक. निदान एखादा धपाटा तरी मागून घ्यायचा होतास.

त्याला अर्विंगला नोकरी लागली, उत्तम. जावं टेक्ससला, तळावं तिथल्या उन्हात. पण आठ वर्षांच्या हिमानीला बरोबर न्यायची परवानगी मागतो? आणि त्यासाठी दोन वकील? एक बोलायला आणि एक फायली उचलायला असणार. तुझ्याकडे कोण, तर ती पुस्तिका आणि मी.

तू म्हणालीस की जज मुख्यतः कागद वाचतो, म्हणून माझं एक प्रतिज्ञापत्र हवं. ‘ताई, फक्त तू डोळ्यांनी पाहिलेलं लिही, दोन-तीन पानं पुरेत.’ दोन-तीन पानं? मराठी मंडळाच्या अंकात पाच वर्षं कॉलम लिहिणाऱ्या बाईला तू हे सांगतेस?

त्या पोहण्याच्या तलावावरच्या मुलीकडून लिहून आणायच्या भानगडीत पडू नकोस. हिमानी दोन तास ओल्या केसांनी काउंटरपाशी बसली होती आणि बाप तिला न्यायलाच विसरला होता, तेव्हा ती मुलगी ड्यूटी संपूनही थांबली, हे फार चांगलं केलं. पण कॉलेजची पोरगी ती. लिहून लिहून काय लिहिणार, ‘मुलगी सॅड होती’? मी आहे ना.

सुलभाताईचे आशीर्वाद


बॉथेल, २ मार्च २००४

प्रतिमा,

सोबत प्रतिज्ञापत्र. अकरा पानं. घाबरू नकोस, एका बैठकीत वाचून होतात. नंदूने तर, नवरा असूनही, जेवता जेवता वाचलं आणि त्याला दोनदा ठसका लागला.

आमच्या बँकेत एक बाई नोटरीचं काम करते, तिच्यासमोर सही केली. तिने अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, ‘यातलं सगळं खरं आहे, अशी शपथ घेता?’ मी म्हटलं, ‘मी बावीस वर्षं संसार केलाय, याहून अवघड शपथा घेतल्यात.’ इतकी हसली की शिक्का वाकडा पडला. तुझ्या कोर्टाला वाकडा शिक्का चालतो ना?

तू पाठवलेल्या नमुन्यासारखे आकडे घालून परिच्छेद पाडले आहेत. इंग्रजी माझं असलं तरी मजा उतरली आहे. सहाव्या परिच्छेदात अनुप स्वतःच्या साखरपुड्याला अंगठी विसरून आला ते आहे. नवव्यात त्याची आई. चौदाव्यात तलाव, तो सगळ्यात चांगला जमलाय. हिमानीच्या ओठांचा रंग, टॉवेलवरचं बदक, सगळं आलंय.

परवा दाखल करायची शेवटची तारीख आहे म्हणालीस, म्हणून कुरियरने पाठवते आहे. वाचत बसू नकोस, चार प्रती काढ आणि दे. तू तीनच प्रती नेल्यास म्हणून त्या क्लार्कने तुला परत पाठवलं होतं, तेव्हा मोजून चार.

ताई


बॉथेल, २९ मार्च २००४

प्रिय प्रतिमा,

तुझं पत्र मिळालं. एवढं छोटं पत्र तू मला कधी लिहिलं नव्हतंस. त्याबरोबरची त्यांच्या वकिलाची नोटीसही वाचली. म्हणजे १९ एप्रिलला मी तिथे यायचं आणि त्याने मला प्रश्न विचारायचे. इथे बसून मला हे जरा अतीच वाटतं. एका मावशीच्या कागदाला इतकं महत्त्व!

तू विचारतेस, ‘ताई, चौदाव्या परिच्छेदातल्या दिवशी तू सरीत होतीस का?’ अगं, या गोष्टी फोनवर बोलू. पत्रात नको.

खरा प्रश्न वेगळाच आहे. तुला माहीत आहे, आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज पडून आहे. तो मंजूर होईपर्यंत अमेरिकेबाहेर गेलं तर परत येण्यासाठी एपी नावाचा एक कागद लागतो. तो अजून आला नाही. त्याशिवाय सीमा ओलांडली तर अर्जच बाद. तुझ्यासाठी मी काहीही करेन, पण नंदूची सहा वर्षं एका दुपारसाठी पणाला लावू का? तूच सांग. कागद आला की त्याच क्षणी गाडी काढते. अडीच तासांचा तर रस्ता.

कोर्टात रोज ड्यूटीवर एक वकील बसतो, आणि दहा मिनिटं फुकट सल्ला देतो, असं तू लिहिलंस. तो म्हणाला की बहिणीने स्वतः येऊन चूक सांगितली तर कोर्ट फक्त ते पान बाजूला ठेवेल. चूक हा शब्द त्याचा की तुझा? दहा मिनिटांत लोकांना फार कळतं हल्ली.

काळजी घे. जजला ‘माय लेडी’ म्हणायचं की ‘युअर ऑनर’, ते दारावरच्या शेरीफला विचार. लाजू नकोस.

ताई


बॉथेल, १४ मे २००४

प्रतिमा,

पाकीट मिळालं. त्यात तुझी एकही ओळ नाही, हे मला समजेपर्यंत मी ते तीनदा झटकलं. फक्त माझी अकरा पानं आणि निकालाची झेरॉक्स.

माझ्या पानांवर कोर्टाने काट मारली आहे. सहावा परिच्छेद काटला, नववा काटला, दहा ते तेरा पूर्ण काटले. चौदाव्यावर काट नाही, समासात नुसती उभी रेघ. संपादकाच्या हातून इतकं काटलं गेलं असतं तर मी त्याच्याशी आयुष्यभर बोलले नसते.

हिमानी शाळेच्या वर्षात बापाकडे, आणि उन्हाळ्याचे सहा आठवडे व नाताळ तुझ्याकडे. हे मी पुन्हा पुन्हा वाचते आहे. कसला न्याय हा? ज्याच्याकडे दोन वकील, त्याच्याकडे मूल. तू रक्त काढायच्या लॅबमध्ये काम करणारी, एकेका ट्यूबला लेबल लावणारी. तू तुझी फाइलही तशीच केली असणार, रंगीत टॅब लावून. मला चित्र दिसतं. तू उभी राहिलीस, कुणीतरी सांगितलं की ही बाजू नाही, ती बाजू, आणि तू एवढी मोठी फाइल छातीशी धरून पलीकडे गेलीस.

मी पुढच्या अंकात यावर लिहिणार आहे. नावं न घेता. या देशांमधल्या कोर्टांची अशी काही खरडपट्टी काढते की बघ.

एपी शेवटी आला बरं का. तुझी तारीख होऊन गेल्यावर. आमच्या नशिबाचं टायमिंगच तसं.

फोन उचल.

ताई


बॉथेल, ६ नोव्हेंबर २००५

प्रिय प्रतिमा,

दिवाळी झाली. दीड वर्षात हे सातवं पत्र. काही मी पोस्टात टाकलीच नाहीत, तेव्हा तुझ्या हिशोबाने कमी भरतील.

कोर्टावरचा लेख मी लिहिला नाही. म्हणजे लिहायला बसले होते. पहिलं वाक्य झालं: ‘मी स्वतः पाहिलं आहे.’ माझे सगळे लेख याच वाक्याने सुरू होतात, तुला आठवत असेल. आठवणारच. मग चहा करायला उठले, तो लेख अजून तिथेच आहे. कॉलमही बंद केला. मंडळात सांगितलं की मान दुखते.

या वर्षी चकल्या बिघडल्या. आणखी काही विशेष नाही.

ताई


अर्विंग, १९ ऑगस्ट २००६

प्रतिमा,

हे पत्र हॉटेलच्या कागदावर आहे, अक्षराला हसू नकोस. नंदूला ऑफिसच्या कामासाठी इथे यायचं होतं, म्हणून मीही चिकटले. अनुपला फोन केला. त्याने आढेवेढे न घेता हिमानीला भेटू दिलं. मला त्याचा राग आणायचा होता, तोही त्याने नीट येऊ दिला नाही.

आम्ही इथल्या एका इंडियन ग्रोसरीत भेटलो. मागच्या बाजूला चार टेबलं टाकून ते चाट विकतात. अनुप तांदळाच्या पोत्यांपाशी उभा राहिला, मुद्दाम लांब. हिमानी केवढी झालीय! दात सरळ करायच्या तारा लावल्यात. तुझ्याकडचे सहा आठवडे संपवून नुकतीच आली होती, तुझ्या हातची वेणी तशीच होती. दोन दिवस झाले तरी तिने ती सोडली नव्हती.

मी नेहमीसारखं बोलत सुटले. तिला हसवायचा प्रयत्न केला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘मावशी, कॅन आय आस्क यू समथिंग?’

‘विचार की.’

‘दॅट डे ॲट द पूल. तू तिथे नव्हतीस ना? आय रिमेंबर. फक्त मेगन होती. तिने मला तिचा स्वेटर दिला होता.’

मी म्हटलं, ‘शेवपुरी घे, मऊ पडेल.’

‘बाबा सेज आई मेड यू लाय. मी आईला विचारलं, डिड यू? ती नो म्हणाली. पण मग ती रडली, सो आय डोन्ट नो.’

मी शेवपुरी खाल्ली, प्रतिमा. तिची आणि माझी, दोन्ही प्लेटी. तिने आणखी काही विचारलं नाही. शहाणी आहे. जाताना म्हणाली की ऑक्टोबरच्या तेविसाव्या तारखेला आई पुन्हा कोर्टात जाणार आहे, ‘बाय हरसेल्फ, ॲज युज्वल.’ मग अनुपने येऊन मला, ‘ताई, सोडू का कुठे?’ विचारलं. मी नको म्हणाले, आणि भर उन्हात दीड मैल चालत हॉटेलवर आले. इथे कुणी चालत नाही. गाड्या हळू करून लोक बघत होते.

आता लिहिते.

१ नोव्हेंबर २००३ ला मी सरीत नव्हते. आमच्या मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता आणि मी नऊवारी नेसून स्टेजवर होते. तू रात्री फोन केलास, तलावाचं सांगितलंस, तेव्हा मी पायऱ्यांवर बसून अंबाडा सोडत होते. टॉवेलवरचं बदक मला तू सांगितलंस. ओठांचा रंग मी घातला.

तू मला विचारलं होतंस. तोही फोन आठवतो. ‘ताई, यात फक्त तू पाहिलेलंच आहे ना?’ मी म्हटलं, ‘शंभर टक्के.’ त्या विश्वासावर तू न वाचता चार प्रती काढल्यास. का केलं, तर मला वाटलं की ‘बहिणीने मला फोनवर सांगितलं’ हे वाक्य पडेल असतं. लेखात मी तिथे नव्हतेच म्हटलं तर कोण वाचेल? पाच वर्षं मी न पाहिलेली लग्नं, न खाल्लेली जेवणं आणि न झालेली भांडणं ‘स्वतः पाहिलं’ म्हणून लिहिली. लोक टाळ्या वाजवायचे. कुणी शपथ घ्यायला लावली नव्हती.

आणि पकडलं कुणी? मीच. संक्रांतीच्या अंकात मी त्या कार्यक्रमावरच कॉलम लिहिला होता, तारखेसह, फोटोसह. तुम्ही सरीत घर घेतलंत तेव्हा मंडळाचं आजीव सभासदत्व तुम्हाला भेट म्हणून मीच दिलं होतं. अंक अनुपच्या नावाने जायचा. त्याने तो वकिलाला दिला, वकिलाने सरकारमान्य भाषांतरकाराकडून त्याचं इंग्रजी करून घेतलं. माझं आजवर झालेलं एकमेव भाषांतर. नोटिशीला ते जोडलेलं होतं. तुला उत्तर लिहिताना तो कागद माझ्यासमोर टेबलावर होता.

एपी १८ मार्चला आला होता. तुला ‘आला नाही’ लिहिलं त्याच्या अकरा दिवस आधी. नंदूने पाकीट आणलं आणि म्हणाला, ‘सुटलीस, आता जा आणि बोल.’ मी ते टेकआऊट मेनूंच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि त्याला सांगितलं की कोर्टाने फोनवरच साक्ष घेतली. त्यालाही परवापर्यंत तेच माहीत होतं.

तुला वाटेल की ग्रीन कार्डाला भ्याले. भ्यालेच. खोटी शपथ घेतली असं कुठे नोंदलं गेलं तर अर्जाचं काय, हे मी दिवसातून दहा वेळा मनात घोळवलं. पण कार्ड या एप्रिलमध्ये आलं. चार महिने ते माझ्या पर्समध्ये आहे. म्हणजे भीती तेवढीच असती तर मी एप्रिलमध्येच तुझ्या दारात उभी असते. दुसरी भीती सांगायला जास्त लाज वाटते. तो वकील माझी पानं मोठ्याने वाचणार, आणि त्या खोलीत लोक हसणार, आणि हसू माझ्या विनोदाला नसणार, हे मला नको होतं. एवढंच. एवढ्यासाठी मी तुला तिथे एकटीला उभं केलं.

निकालातला तो परिच्छेद मला पाठ आहे. ‘आईने हा पुरावा खोटा आहे हे माहीत असून पुढे केला, असा निष्कर्ष मी काढत नाही, पण तिच्या इतर सांगण्याकडेही मला सावधपणे पाहावं लागतं.’ तू रंगीत टॅब लावून खरं ते सगळं मांडलंस, आणि माझ्या बदकामुळे त्या सगळ्याकडे सावधपणे पाहिलं गेलं. मेगनने चार ओळी लिहून दिल्या असत्या. तू तिच्याकडे जाणार होतीस. मी म्हटलं, मी आहे ना.

अनुप हिमानीला सांगतो की आईने ताईला खोटं बोलायला लावलं. तो खोटारडा नाही, त्याला तसंच वाटतं. दुसरं काय वाटणार? आणि आज मला ते एका वाक्यात खोडता आलं असतं. ती समोर बसली होती. मी शेवपुरी खाल्ली.

सुलभा


बॉथेल, ११ ऑक्टोबर २००६

प्रतिमा,

अर्विंगच्या पत्राला उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती. आलं नाही, हे बरोबरच आहे.

सोबत एक कागद आहे. त्याच्या चार प्रती मीच काढल्या. एक प्रत अनुपच्या वकिलालाही कुरियरने पाठवली आहे, म्हणजे तुला ती दाखल करायची की नाही हे ठरवण्याचा त्रास नको. तू ती वापरलीस तर तुला फायदा होईल की तोटा, मला माहीत नाही. मी इथल्या एका वकिलाला विचारायला गेले होते. तो म्हणाला, ‘तुमच्या दृष्टीने यात काहीही फायदा नाही, पुढे नागरिकत्वाच्या वेळी प्रश्न येऊ शकतो.’ मी विचारलं, बहिणीच्या दृष्टीने? तर म्हणाला, तिने तिचा वकील गाठावा. मी त्याला सांगितलं की तिची वकील तीच आहे. तो सहानुभूतीने हसला. असं हसू तू अडीच वर्षं बघत असशील.

कागदात तीनच परिच्छेद आहेत.

एक: २ मार्च २००४ च्या माझ्या प्रतिज्ञापत्रातल्या चौदाव्या परिच्छेदात मी पाहिलं म्हणून जे लिहिलं, ते मी पाहिलेलं नाही. त्या दिवशी मी बॉथेलला होते.

दोन: माझ्या बहिणीने मला फक्त पाहिलेलं लिहायला सांगितलं होतं. तिने विचारलं तेव्हा मी तिला खोटं सांगितलं. तिने मला खोटं बोलायला लावलं नाही.

तीन: साक्षीला येण्यासाठी लागणारा कागद माझ्याकडे होता. मी आले नाही, कारण मला यायचं नव्हतं.

तिसऱ्यात ‘मला लाज वाटत होती’ असं आधी लिहिलं होतं. नंदू म्हणाला, ‘सुलू, ते काढ यार, ते दया मागितल्यासारखं वाटतं.’ त्याचं बरोबर होतं. काढलं. त्या ड्रॉवरचं कळल्यापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो, पण हे तो दोनदा वाचून म्हणाला, ‘आता ठीक आहे.’

हिमानीलाही एक पत्र टाकलं आहे, अनुपच्या पत्त्यावर. त्याने आधी वाचलं तरी चालेल. इंग्रजीत आहे, पाच ओळी. त्यातली दुसरी ओळ अशी: तुझी आई खरं बोलली.

तेविसाव्या तारखेला सकाळी साडेनऊला मी त्या कोर्टरूमच्या बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. तुझ्याशी बोलायला येणार नाही. फाइल उचलायला पुढे होणार नाही, तुझी फाइल तूच उचल, तुला ती पाठ आहे. तुला किंवा त्यांच्या वकिलाला मला आत बोलवायचं असेल तर मी तिथे असेन. त्याला ती अकरा पानं मोठ्याने वाचायची असतील तर वाचू दे. कुणी बोलावलं नाही तरी दारं बंद होईपर्यंत बसेन.

या कागदावरची सही त्याच बँकेत केली. तीच बाई होती. तिने मला ओळखलं, खुर्ची पुढे ओढून दिली आणि हसायच्या तयारीनेच विचारलं, ‘यातलं सगळं खरं आहे, अशी शपथ घेता?’

मी म्हटलं, ‘हो.’

ती पेन हातात धरून थोडा वेळ थांबली. मी पुढे काहीतरी बोलेन असं तिला वाटत असावं. मग तिने खाली बघून शिक्का मारला. या वेळी तो सरळ पडला आहे.

सुलभा